कष्ट झाले, आता व्यायाम?

माझ्या आईला आणि आत्याला एकच दुखणं आहे. खुब्याच्या सांध्याचा संधिवात, दोघींनाही उजव्या बाजूला. त्यावर करायचं काय, याबाबत मात्र दोघींची तोंडं दोन दिशांना. आईचं सगळं आयुष्य वाईजवळच्या आमच्या गावात, हळदीच्या आणि ज्वारीच्या वावरात गेलं. आत्या पुण्यात शाळेत शिकवायची. तळजाईच्या टेकडीवर फिरायला जाणं हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. दुखणं निघाल्यावर तिने तो मोडला नाही, थोडा आटोपता घेतला आणि जोडीला पोहण्याच्या तलावावर जायला लागली. आई म्हणते, झिजलेल्या सांध्याला विसावा द्यावा. आत्या म्हणते, विसाव्यानेच तो जास्त धरतो. दिवाळीला आत्या गावी आली की हा विषय निघतोच. यंदा मी तो उतरवून काढला. ‘चालते राहा, हलते राहा’ हा सल्ला सगळीकडे छापलेला असतो. पण ज्यांनी जन्मभर दुसरं काही केलंच नाही, त्यांना तो कसा ऐकू येत असेल याचा विचार त्यात मला क्वचितच दिसतो. आईच्या बोलण्यात तो होता.

आई : वन्सं, तुम्ही सांगता हला, चाला, व्यायाम करा. मग मी आजवर काय करत होते? पहाटे उठून धारा, शेणघाण, भाकऱ्या. दिवस वर आला की वावरात. भांगलायला बसलं की उकिडवं बसून सरीच्या सरी पुढं सरकायचं. संध्याकाळी डोक्यावर वैरणीचा भारा. हलण्यानं सांधे चांगले राहत असतील, तर माझा खुबा का नाही राहिला?

आत्या : तुमच्याइतके कष्ट मी केले नाहीत, वहिनी. ते मी कधीच नाकारणार नाही. पण म्हणून आता पाय हलवायचाच नाही, हे मला पटत नाही.

आई : डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून सांगतात, झीज झाली. झिजलेली वस्तू जपून वापरायची, एवढं मला कळतं. बैलगाडीच्या चाकाची धाव झिजली की आपण गाडी कमी जुंपतो. आणखी चार खेपा केल्या की धाव भरून येईल, असं कुणी म्हणत नाही.

आत्या : चाकाच्या धावेत जीव नसतो, सांध्यात असतो. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोबणीत फिरतो, तो आपला खुबा. गोळ्यावर आणि खोबणीत गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. त्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या पातळ वंगणातून होतं. भार आला की कूर्चा दबते, भार उतरला की सुटते, आणि या दबण्या-सुटण्यातच ते द्रव आतबाहेर होतं. सांधा हललाच नाही तर त्याला खायला मिळणार कुठून? शिवाय दुखतं म्हणून पाय वापरला नाही की मांडीचे, कुल्ल्याचे स्नायू रोडावतात. पाऊल डळमळतं, चाल लंगडी होते, मग कंबर दुखते, दुसरा गुडघा दुखतो. म्हणून आणखी बसून राहायचं. या फेऱ्यात मी माणसं अंथरुणाला खिळलेली पाहिली आहेत.

आई : गेलेली कूर्चा व्यायामानं परत येते का?

आत्या : नाही. गेली ती गेली. एक्स-रे होता तसाच राहील. दुखणं कमी होतं, जिना चढता येतो, खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागत नाही. मला तेवढं हवं आहे.

आत्याने हे ‘नाही’ सरळ सांगितलं, याचं मला फार बरं वाटलं. कूर्चा नव्याने भरून देण्याचं आश्वासन देणारी तेलं, चूर्णं आणि पट्टे बाजारात कमी नाहीत, आणि दुखणाऱ्या माणसाकडून त्यांचे पैसे वसूल होतात. एक्स-रेवरची झीज आणि माणसाला होणारा त्रास यांचा मेळ दर वेळी बसत नाही, हेही इथे सांगायला हवं. एक्स-रे वाईट दिसत असूनही बऱ्यापैकी हिंडणारी माणसं असतात, आणि उलटंही असतं.

पण आईचा पहिला प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. तो प्रश्न खराच आहे, आणि वैद्यकशास्त्राने तो नोंदवूनही ठेवला आहे. १९९२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या पुरुष शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा वर्षांहून जास्त शेती केलेल्यांमध्ये खुब्याचा संधिवात बैठं काम करणाऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळला. खुब्याचा संधिवात हा शेतकऱ्यांचा व्यवसायजन्य आजार मानावा, असा त्या अभ्यासाचा रोख होता. जड ओझी वर्षानुवर्षं उचलणं हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. म्हणजे ‘मी हललेच की’ हे आईचं वाक्य सबब म्हणून झटकून टाकता येणार नाही.

दुसऱ्या बाजूला धावणाऱ्यांचे आकडे आहेत. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात, हौसेने धावणाऱ्यांपैकी साधारण ३.५ टक्के लोकांना खुब्याचा किंवा गुडघ्याचा संधिवात दिसला. न धावणाऱ्या, बैठ्या लोकांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं, आणि स्पर्धांसाठी धावणाऱ्यांत १३ टक्क्यांच्या. हे आकडे मी दोघींना वाचून दाखवले.

आत्या : बघा. हौसेनं धावणारे सगळ्यांत बरे. बसून राहणारे नाहीत.

आई : आणि मरेस्तोवर धावणारे सगळ्यांत वाईट. मी त्यातली. हौसेनं मी कधी पळाले सांगा बरं?

आत्याला यावर लगेच काही बोलता आलं नाही.

आत्या : बरोबर आहे तुमचं. तुमच्या खुब्यानं जे सोसलं त्याला मी व्यायाम म्हणणार नाही. सांधा किती दुमडला, किती वेळ दुमडून ठेवला, त्यावर ओझं किती आलं, आणि दुखायला लागल्यावर थांबता आलं का, या सगळ्यावर ठरतं. भांगलताना खुबा पार पोटाशी दुमडलेला, आणि तासन्तास तसाच.

आई : थांबायचं कसं? अवकाळीचे ढग आले की ज्वारी काढावीच लागते. खुबा दुखतोय म्हणून कणसं भिजू द्यायची का?

आत्या : म्हणूनच सांगते. मला थांबता येतं. तलावात दुखलं की मी कठड्याला धरून उभी राहते. पाणी छातीपर्यंत असलं की अंगाचं निम्म्याहून जास्त वजन पाणीच उचलतं, तेवढ्या वजनात पाय हलवता येतात. तुमच्याकडं तलाव नाही, मला ठाऊक आहे. पण ओटा आहे ना? इकडं या.

मग स्वयंपाकघरात जे झालं ते मी जवळून पाहिलं. आत्याने आईला ओट्याकडे तोंड करून उभं केलं, दोन्ही हातांची बोटं ओट्यावर नुसती टेकवायला लावली आणि डावा पाय जरा उचलायला सांगितला. आईने उचलला. त्याबरोबर तिची डावी कंबर खाली गेली आणि सगळं अंग उजवीकडे झुकलं. उलट पाय उचलायला लावला तेव्हा असं काही झालं नाही. ज्या पायाचा स्नायू दुबळा, त्यावर उभं राहिलं की दुसऱ्या बाजूची कंबर ढळते. हाडांचे डॉक्टर तपासताना हेच बघतात.

आत्या : एका पायावर उभं राहिलं की अंगाचं वजन त्या खुब्याला आतल्या बाजूनं खाली ओढतं. ते तोलून धरायचं काम कुल्ल्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू करतो. तो खुब्याला अगदी लागून, वजन मात्र त्याच्यापासून लांब. म्हणून त्याला दुपटीनं जोर लावावा लागतो. तो जोर आणि आपलं वजन मिळून खुब्यावर अडीच-तीन पट भार येतो. आणि चालताना दर पावलाला आपण एका पायावरच असतो, वहिनी. पायऱ्या चढताना तर भार आणखी वाढतो.

आई : मग तर चालूच नये म्हणायचं!

आत्या : चालावं, पण तो स्नायू तयार करून. आणि तयार होईपर्यंत काठी घ्यावी.

आई : काठी मी घेणार नाही. गावात काय म्हणतील? सासूबाईंनी शेवटपर्यंत काठी नाही घेतली.

आत्या : काठी डाव्या हातात धरायची, दुखऱ्या खुब्याच्या उलट बाजूला. तिथून ती वजन जरा उचलून धरते, मग त्या स्नायूला निम्मा जोर लावला तरी भागतं. दुखऱ्याच बाजूला काठी धरली तर फायदा फार थोडा. आणि ओझ्याचं बरोबर उलट. बादली उजव्या हातात, दुखऱ्या बाजूलाच. डाव्या हातात घेतली की उजव्या खुब्याच्या स्नायूला तीही तोलावी लागते.

आई : मी आजवर चांगल्या हातात घेत आले.

सगळे तसंच घेतात. दुखणाऱ्या बाजूवर भार नको, असं मनाला वाटतंच. आईने भरलेली कळशी आधी डाव्या आणि मग उजव्या हातात घेऊन न्हाणीघरापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. उजव्या हाताच्या फेरीत ती कमी लंगडत होती, हे तिच्याही लक्षात आलं. मला वाटतं, त्या संध्याकाळी आत्याच्या सगळ्या बोलण्यापेक्षा या कळशीनं जास्त काम केलं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगते. खुब्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं. कधी मांडीच्या पुढच्या बाजूला, कधी थेट गुडघ्यात. आईने आधी गुडघ्याचीच तक्रार केली होती. मांडी घालता येईनाशी होणं, पायाच्या बोटांची नखं कापताना हात न पोचणं, बराच वेळ बसून उठल्यावर पहिली काही पावलं अडखळणं, ही त्याची नेहमीची लक्षणं. आपल्याकडे म्हातारपणी झिजणारा सांधा म्हटलं की गुडघाच आठवतो. खुबा बिघडतो तेव्हा पुष्कळदा त्यामागे दुसरं काही असतं : जन्मापासून उथळ असलेली खोबण, जुना मार, किंवा गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरणं. हे शेवटचं दुखणं तरुणांनाही होतं. स्टिरॉइडची औषधं, दारू, आणि विदर्भात, नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल आजार यांच्याशी त्याचा संबंध आहे. त्यात पायावर भार किती द्यायचा, याचं गणित वेगळं असतं. म्हणून निदान आधी, व्यायाम नंतर. पडल्यावर एकाएकी पाय टेकता येईना, तापाबरोबर खुबा दुखायला लागला, वजन आपोआप उतरायला लागलं, तर व्यायामाचा विचारही न करता डॉक्टर गाठावा.

आई : मी गोळी खाऊन खुरपायला जाते. ती खाल्ली की कळतच नाही.

आत्या : तेच वाईट. दुखणं सांगतं की पुरे, आणि आपण त्याचं तोंड बंद करून तीन तास उकिडवं बसतो. त्या गोळ्या रोज खाल्ल्या की पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब वाढतो. तुम्हाला रक्तदाब आहेच. डॉक्टरांनी दिल्यात तेवढ्याच, आणि तेवढेच दिवस घ्यायच्या.

आई : मग दुखतं तेव्हा करायचं काय? दुखू द्यायचं?

आत्या : थोडं दुखू द्यायचं, हो. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून खुब्या-गुडघ्याच्या संधिवातासाठी ‘ग्लॅड’ नावाचा कार्यक्रम चालतो. आधी दुखणं समजावून सांगतात, मग आठवड्यातून दोनदा असे सहा आठवडे फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली व्यायाम. आता तो इतर देशांतही गेलाय. त्यांचा नियम मला पटला. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्यायचे. दोनपर्यंत बिनधोक. पाचपर्यंत चालवून घ्यायचं. त्याच्यावर गेलं तर कमी करायचं. आणि जे वाढलं ते चोवीस तासांत उतरलं पाहिजे. नाही उतरलं, तर पुढच्या वेळी कमी करायचं. बंद नाही करायचं.

आई : दुखण्याला गुण मला नाही देता येणार. पण रात्री झोप लागली, आणि सकाळी पाय कालच्यासारखाच टेकला, म्हणजे झेपलं. असंच ना?

आत्या : अगदी असंच.

आईच्या या मापाला मी पूर्ण गुण देईन. भारा किती उचलायचा, बैल किती जुंपायचा, हे ज्याला कळतं त्याला आकड्यांची शिडी लागत नाही. फक्त हे माप तिने स्वतःच्या अंगाला कधी लावलं नव्हतं.

मग काय करायचं, यावर बोलणं आलं. खुर्चीतून हात न लावता सावकाश उठायचं आणि त्याहून सावकाश बसायचं. खुर्ची बुटकी नको. डाव्या कुशीवर झोपून उजवा पाय सरळ ठेवून वर उचलायचा, जरा धरायचा, खाली आणायचा. उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर उचलायची. ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं, कंबर ढळू न देता. दहा-दहा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. सोपं वाटायला लागलं की थोडं वाढवायचं, कारण स्नायूला जड गेलं तरच तो वाढतो, आणि ते वाढणं नजरेला यायला दोन-तीन महिने लागतात. बाकीच्या दिवशी सपाट रस्त्यावर चालणं, एका दमात जमेल तेवढंच. दिवसातून दोनदा-तीनदा थोडं थोडं चाललेलंही मोजलं जातं. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. रात्री कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. हे सगळं शिकवणारा फिजिओथेरपिस्ट एकदा तरी गाठावाच. कागदावर वाचून केलेल्यात आणि कुणी हात लावून दुरुस्त केलेल्यात पुष्कळ फरक पडतो.

काय सोडायचं, याची यादी आईला जास्त जड गेली.

आत्या : पाट सोडा. उकिडवं बसणं सोडा. संडासात उंच भांडं बसवा. खाट थोडी उंच करा. आणि भांगलायचं बंद. सायकल कोळपं उभ्यानं चालवता येतं, ते चालवा, तेही थोडा वेळ.

आई : आणि देवपूजा? देवापुढं खुर्चीवर बसू? पंगतीत सगळे खाली आणि मी वर?

आत्या : हो, वर. पुण्यात अय्यंगारांच्या योगसंस्थेत माणसं खुर्ची, दोर, पट्टे, लाकडी ठोकळे घेऊन आसनं करतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मांडी घालायचा हट्ट धरून खुबा चिमटत बसण्यापेक्षा देव उंच चौरंगावर ठेवा आणि खुर्चीवरून हात जोडा.

आई काही क्षण बोलली नाही. मग तिने जे विचारलं तो मला या सगळ्या चर्चेतला सर्वांत खरा प्रश्न वाटतो.

आई : हे सगळं करीन मी. पण कधी? पहाटे धारा. मग डबे. मग वावर. तुम्हाला निवृत्तिवेतन आहे, वन्सं, तुम्ही दहा वाजता तलावात जाता. मी खाली पडून पाय वर करायला लागले तर म्हशीला पाणी कोण दाखवणार? आणि दिवसभर राबून वर हा व्यायाम केला तर खुबा संध्याकाळी मला उठू देईल का?

आत्या : नाही देणार. त्यात तुमचंच बरोबर आहे. कष्ट तसेच ठेवून वर व्यायाम चढवला तर त्रासच वाढेल. आधी कष्ट उतरवले पाहिजेत.

आई : ते कोण उतरवणार?

हा प्रश्न आत्याला नव्हता. माझा भाऊ, त्याची बायको आणि मी तिथेच होतो. घरातल्या बाईला खुब्याचा त्रास सुरू झाला की आपण तिला तेल आणतो, गोळ्या आणतो, पट्टा आणतो, पण तिच्या अंगावरचं काम आणत नाही आपल्याकडे. ‘आई, तू विश्रांती घे’ म्हणायचं आणि चहा मात्र तिनेच करायचा. सरकारी पत्रकांत आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायामाची शिफारस असते. जागतिक आरोग्य संघटनेचाच तो आकडा आहे आणि चांगला आहे. पण आईसारख्या बाईच्या आठवड्यात ती दीडशे मिनिटं रिकामी करून द्यावी लागतात, ती आपोआप सापडत नाहीत. खुब्याचा संधिवात असलेल्या शेतकरी बाईला व्यायाम लिहून देताना डॉक्टरांनी घरातल्या दुसऱ्या माणसाला समोर बसवावं आणि कामांची वाटणी त्याच कागदावर लिहावी, असं मला मनापासून वाटतं. औषधाइतकीच ती गरजेची आहे.

भावाने सकाळच्या धारा आणि वैरण घेतली. वहिनीने भांगलायला दोन बायका लावायचं ठरवलं, त्यांची मजुरी हळदीच्या पैशातून. आईने हे ऐकलं, मान हलवली, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता. विश्वास बसायला काही महिने लागतील, आणि तसे ते लागावेत.

यानंतर बोलणं उलटलं. आता आई विचारत होती आणि आत्या टाळत होती.

आई : वन्सं, काल रात्री तुम्ही तीनदा उठलात. मी जागी होते.

आत्या : पाणी प्यायला.

आई : खुबा धरून खिडकीशी उभ्या होतात. तळजाई किती दिवसांत नाही केलीत?

आत्या : सध्या सपाटीवर चालते. तलाव आहे. व्यायाम एकही चुकवलेला नाही.

आई : चुकवला नाहीत हे माहीत आहे मला. तरी रात्रीचं दुखतं. मग व्यायामाचं काम संपलं ना तिथं?

आत्या : डॉक्टर ऑपरेशन म्हणाले. मी म्हटलं, अजून स्नायू वाढवून बघते.

आत्यासारख्या मेहनती माणसांची ही अडचण मला आता ओळखीची झाली आहे. व्यायामाने खूप मिळालं, म्हणून सगळंच मिळेल असं वाटायला लागतं, आणि ऑपरेशन करून घेणं म्हणजे हार मानणं वाटतं. याचं उत्तर २०२४ मध्ये डेन्मार्कमधूनच आलं, जिथून आत्याचा लाडका कार्यक्रम आला. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलेल्या त्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेले, खुब्याचा संधिवात तीव्र असलेले, ऑपरेशनच्या उंबरठ्यावरचे १०९ रुग्ण होते. काहींचा सांधा बदलला, काहींना वजनं वाढवत नेणारा कसून व्यायाम दिला. सहा महिन्यांनी, दुखणं आणि हालचाल मिळून ४८ गुणांच्या मोजपट्टीवर, ऑपरेशन झालेले सरासरी १५.९ गुणांनी सुधारले होते, व्यायामवाले ४.५ गुणांनी. व्यायामाने फायदा झाला, पण सांधा त्या अवस्थेला पोचल्यावर तो ऑपरेशनची बरोबरी करू शकला नाही. हे मी आत्याला वाचून दाखवलं. तिने कागद माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचला.

आत्या : बदललेला सांधा किती वर्षं टिकतो?

मी सांगितलं. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी धातूचा गोळा आणि प्लास्टिकची खोबण अशी जोडी बसवली, तिथून आजचा सांधा आला. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या आढाव्यानुसार, बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के पंचवीस वर्षं टिकतात. आत्या सत्तरीला आली आहे.

आत्या : मग एवढी वर्षं केलेला व्यायाम वाया गेला का?

आई : वाया कसा जाईल? ऑपरेशननंतर उभं तर त्याच पायांवर राहायचं ना. तुमचे पाय भक्कम आहेत, तुम्ही दुसऱ्या दिवशी उभ्या राहाल. माझ्यासारखीचं ऑपरेशन झालं तर मला उभं करायला दोन माणसं लागतील.

मला हे इतक्या नेमकेपणाने सांगता आलं नसतं. सांधा बदलल्यावर बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात, आणि आधीचं बळ असेल तर पुढची वाट सोपी जाते. त्यानंतरही व्यायाम सुटत नाहीच. मांडी घालणं, खोल वाकणं याबाबत ऑपरेशन करणारे डॉक्टर सांगतील तसं वागावं लागतं.

आत्या : मला भीती वाटते, वहिनी. भूल, टेबल, सगळ्याचीच.

आई : वाटणारच. मी येते तुमच्याबरोबर पुण्याला. डॉक्टरांना जे विचारायचं ते आपण कागदावर लिहून नेऊ. रक्तदाबाचं, साखरेचं, घरी किती दिवस माणूस लागेल त्याचं. महिनाभर मीच राहते.

आत्या : आणि इथलं?

आई : इथलं बघतील ही. पोरानं धारा घेतल्यात ना, बघू किती दिवस घेतो. मी तिथं तुमच्या ओट्यापाशी उभी राहून माझा पाय उचलत जाईन. तुम्ही पलंगावरून बघा, कंबर ढळली की ओरडा. तुमच्या त्या फिजिओवाल्या बाई येतील तेव्हा त्यांना मलाही बघायला सांगा, त्यांचे पैसे मी देईन. आणि ती तुमची काठी द्या इकडं, अंगणात चालून बघते. डाव्या हातात म्हणालात ना?